दोराचं दुसरं टोक कोण धरणार?

मागच्या अंकात एकाने विचारलं होतं की डोंगर चढायला उंची बरी लागते का, आणि उत्तरात मी ओघात एक ओळ लिहून गेले होते, की एव्हरेस्टवर पोचलेली जगातली पहिली बाई, जपानची जुंको ताबेई, पाच फुटांपेक्षाही कमी उंचीची होती. एवढंच लिहिलं होतं. पण त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. दोघीतिघींनी नाव छापू नका म्हणून कळवलं होतं, म्हणून मग सगळ्यांचीच नावं गाळली, फक्त गाव ठेवलंय.

ताई, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. एव्हरेस्टवरची पहिली महिला बचेंद्री पाल ना? तुम्ही जुंको ताबेई लिहिलंय. आमच्या ग्रुपवर यावरून कालपासून वाद चालू आहे. (लातूर)

वाद मिटवते. जगातली पहिली जुंको ताबेई, 16 मे 1975. भारतातली पहिली बचेंद्री पाल, 23 मे 1984. प्रश्नात 'भारतीय' शब्द आहे की नाही ते आधी बघायचं. आता थोडं जास्तीचं सांगते, परीक्षेत येईल न येईल. ताबेईंनंतर फक्त 11 दिवसांनी, 27 मे 1975 ला, फांथोग नावाची तिबेटी गिर्यारोहक चिनी टीमबरोबर उत्तरेच्या बाजूने वर पोचली, म्हणजे हजारो वर्षात एकही बाई त्या टोकावर गेली नव्हती आणि त्या एका महिन्यात दोघी गेल्या, एक नेपाळकडून आणि एक तिबेटकडून. तिसरी पोलंडची वांडा रुटकिएविच, 1978. आपल्या बचेंद्रीताई जगात पाचव्या. उत्तरकाशीजवळच्या नाकुरी गावच्या, एम.ए. बी.एड. झालेल्या, घरच्यांना वाटायचं आता मास्तरीण व्हावं. त्या ज्या दिवशी वर पोचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा तिसावा वाढदिवस होता. आणि एक गोष्ट ताबेई आणि बचेंद्रीताई या दोघींच्या बाबतीत सारखी घडली, दोघीही वरच्या कॅम्पवर रात्री तंबूत झोपलेल्या असताना अंगावर ॲव्हलांच, म्हणजे डोंगरावरून घसरत आलेला बर्फाचा लोंढा, आलं आणि दोघीही त्यानंतर खाली न जाता वर गेल्या. ताबेईंचं पुढे नीट सांगते, कारण नागपूरच्या काकांच्या प्रश्नात ते येणारच आहे.

मी आयटीत काम करते, शनिवार-रविवार सह्याद्रीत फिरते. अशा बायकांबद्दल वाचायला घेतलं की सगळीकडे एकच, जिद्द होती, स्वप्न होतं, समाजाशी लढल्या आणि जिंकल्या. मला त्याचा कंटाळा आलाय. नेमके अडथळे काय होते आणि त्यांनी नेमकं काय केलं ते सांगाल का? पैसे कुठून आणले, रजा कशी काढली, हे सगळं. (डोंबिवली)

तुझं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण मलाही नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं आणि ते कुणी सांगत नाही.

सुरुवातीपासून सांगते. 1939 चा जन्म, फुकुशिमा प्रांतातलं मिहारू गाव, सात भावंडांच्या घरातली पाचवी मुलगी. लहानपणी तब्येतीने नाजूक, खेळात वगैरे मागे. दहा वर्षांच्या असताना शाळेतले शिक्षक मुलांना नासूच्या डोंगरावर घेऊन गेले, ते तिथलं चाउसू शिखर 1915 मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम अडीच-पावणेतीनशे मीटर जास्त. तिथून ही आवड लागली. पण घरात एवढी माणसं, पैसे बेताचे, त्यामुळे शाळेच्या वयात फार काही चढणं झालं नाही. पुढे टोकियोला शोवा महिला विद्यापीठात इंग्रजी साहित्य घेऊन शिकल्या, 1962 ला बाहेर पडल्या आणि मग गिर्यारोहणाच्या क्लबात जायला लागल्या.

आता पहिला अडथळा इथे आला. क्लब पुरुषांचे. काहींनी चांगलं वागवलं, काहींनी सरळ सांगितलं की आम्ही बाईबरोबर चढणार नाही, आणि काहींना तर वाटायचं की ही नवरा शोधायला आलीये. तू सह्याद्रीत फिरतेस, रॉक क्लायंबिंग केलं असशील तर तुला कळेल याचा अर्थ काय होतो. कड्यावर एकटीने चढता येत नाही, दोराचं एक टोक आपल्या कमरेला असतं आणि दुसरं टोक धरून कुणीतरी बिले द्यायला, म्हणजे आपण पडलो तर दोर आवळून धरायला, बसलेलं असतं. तो माणूस म्हणाला मी बाईला बिले देणार नाही, तर संपलं, मग तुमच्या अंगात कितीही ताकद असो नाहीतर कितीही जिद्द असो. मला वाटतं हा खरा अडथळा होता, शरीर दुबळं असण्याचा नव्हे, दुसऱ्या टोकाला माणूस नसण्याचा.

तर त्यांनी काय केलं, 1969 मध्ये फक्त बायकांचा क्लब काढला, जोशी तोहान क्लब, आणि घोषवाक्य ठेवलं की परदेशातल्या मोहिमेवर आपण आपल्या आपण जाऊया. म्हणजे दुसरं टोक धरणारी माणसं त्यांनी स्वतःच उभी केली. लगेच पुढच्या वर्षी, 1970 ला, नेपाळात अन्नपूर्णा-3 वर गेल्या, 7555 मीटर, आणि 19 मे ला ताबेई, हिरोको हिराकावा आणि दोन शेर्पा वर पोचले. थंडी इतकी की कॅमेऱ्यातली फिल्मसुद्धा तडकली.

त्या मोहिमेतली एक गोष्ट मला समिटपेक्षाही, म्हणजे शिखर गाठण्यापेक्षाही, मोठी वाटते. या सगळ्या जपानी घरांत वाढलेल्या मुली, सोसायचं आणि बोलायचं नाही ही शिकवण अंगात मुरलेली, त्यामुळे सुरुवातीला होत काय होतं की एखादीला एखादी गोष्ट येत नसली तरी ती कबूल करायची नाही, त्रास होत असला तरी गप्प राहायची, मदत मागायची लाज वाटायची. आणि सात हजार मीटरवर हे चालत नाही गं, तिथे डोकं दुखतंय हे वेळेवर सांगितलं नाही तर तुमच्याबरोबर बाकीच्यांचाही जीव जातो. तर त्या हळूहळू शिकल्या, मला हे जमत नाहीये म्हणायला, मला हात दे म्हणायला. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, बाईने दुखणं अंगावर काढलं की तिचं कौतुक होतं. डोंगराने त्यांना ते विसरायला लावलं.

आता पैसे. अन्नपूर्णानंतर एव्हरेस्टसाठी अर्ज केला तो 1971 ला, नंबर लागला 1975 चा, कारण त्या काळी नेपाळ सरकार एका सीझनला एका वाटेने एकाच टीमला परवानगी द्यायचं, आत्तासारखी दोरावर रांग लागायचे दिवस नव्हते. मधल्या काळात स्पॉन्सर शोधत फिरल्या तर उत्तर काय, की बायकांनी हे करण्यापेक्षा घरी बसून मुलं सांभाळावीत. शेवटी योमिउरी शिंबून हे वर्तमानपत्र आणि निप्पॉन टीव्ही यांनी पैसे दिले, तरीही प्रत्येकीला स्वतःच्या खिशातून जवळजवळ तिथल्या सरासरी वर्षभराच्या पगाराएवढी रक्कम घालावी लागली. विचार कर, एक वर्षाचा पूर्ण पगार! ताबेई एका भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाच्या संपादनाचं काम करायच्या, ते सांभाळून पियानो शिकवला, इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या.

आणि सामान बरंचसं घरी शिवलं. गाडीच्या सीटची कव्हरं कापून त्याचे वॉटरप्रूफ हातमोजे आणि पाउच केले. हंसाची पिसं चीनवरून आणली आणि स्लीपिंग बॅगा स्वतः भरल्या, स्वतः शिवल्या. जुन्या पडद्यांच्या पँटी केल्या. शाळेत मुलांकडून उरलेली जॅमची न फोडलेली पाकिटंसुद्धा मोहिमेसाठी साठवली. मला हे वाचताना दर वेळी माझ्या आजीची शिलाई मशीन आठवते, जुन्या नऊवारीची गोधडी, उरलेल्या कापडाची पिशवी, काहीही फेकायचं नाही. जी कामं बायकांची म्हणून हिणवली जातात, शिवण, टिपण, उरलंसुरलं वापरणं, त्यांच्यावर ही मोहीम उभी राहिली, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पटतं.

रजेचं तू विचारलंयस, त्याचं एवढंच म्हणेन की टीममधे 15 जणी होत्या, बहुतेक नोकरी करणाऱ्या, आणि चार वर्षं तयारीला मिळाली ती त्यांनी वाया घालवली नाही.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. लग्नाआधी मी खूप ट्रेक करायचे. आता दोन दिवस जरी गेले तरी पोटात कालवतं, आणि नातेवाईक बोलतात ते वेगळंच. ताबेईंना मूल होतं का? त्यांनी काय केलं? (ठाणे)

होतं. मुलगी, एव्हरेस्टच्या वेळी तीन वर्षांची, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षाही लहान. पुढे मुलगाही झाला. नवरा मासानोबू, तोही गिर्यारोहक, दोघांची ओळखच डोंगरात चढताना झाली, आणि त्या महिनोनमहिने नेपाळात असताना मुलीकडे त्याने बघितलं. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलंच, स्पॉन्सर लोकांचं वर सांगितलंच आहे.

त्यांच्या पोटात कालवलं नसेल असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत असायचं कारण नाही. माझं सांगते. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना मी हरिश्चंद्रगडाला गेले, तीन दिवस, घरी नवरा आणि सासूबाई, वर फोनला रेंज नाही. कोकणकड्यावर बसले होते, समोर ढग खालून वर येत होते, ज्यासाठी आले ते सगळं समोर होतं आणि मी मनात विचार करतीये की त्याला ताप तर नसेल ना. घरी आले तर तो बाबाच्या मांडीवर वरणभात खात होता, माझ्याकडे बघून हसला आणि परत खायला लागला. मला आनंदही झाला आणि थोडं रडूही आलं. पुढच्या वेळी जाताना मात्र सोपं गेलं, मला आणि त्यालाही.

तुम्हाला मी एकच विचारते, नातेवाईकांचं सोडा, तुमच्या मुलीचे बाबा दोन दिवस तिला एकट्याने सांभाळू शकतात का? येत नसेल तर त्यांना आत्तापासून शिकू द्या, आधी एक दिवस, मग दोन. हे मी तुमच्या ट्रेकची तयारी म्हणूनच सांगतेय, सॅक भरण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. आणि मग एखादा जवळचा किल्ला करून या, पेबला जा, एका दिवसात परत.

मी निवृत्त शिक्षक आहे. कुणाच्या कर्तृत्वाला कमी लेखायचा हेतू नाही, पण एव्हरेस्टवर शेर्पाच सामान नेतात, शेर्पाच दोर लावतात, शेर्पाच वर नेतात. मग 'पहिली महिला' याचं एवढं कौतुक का करायचं? (नागपूर)

काका, तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. शेर्पांशिवाय ही मोहीम झाली नसती, आणि खुद्द ताबेईंच्या बरोबर वर पोचणारा माणूस शेर्पांचा सरदार, म्हणजे त्यांचा म्होरक्या, आंग त्सेरिंग होता, त्याचं नाव त्यांच्या नावाबरोबर घेतलंच पाहिजे. आपण घेत नाही ही चूक आहे. पण काका, ताबेई वर पोचणाऱ्या 36 व्या. त्यांच्या आधी 35 जण वर जाऊन आले होते, 1965 च्या आपल्या भारतीय मोहिमेतले नऊ जण धरून, आणि त्या मोहिमांमधेही ओझी शेर्पांनीच वाहिली होती, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न मी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

आता त्या शेवटच्या 12 दिवसांत काय झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

4 मे 1975, मध्यरात्र उलटलेली, कॅम्प दोन, साधारण 6300 मीटर. तंबूत ताबेई आणि आणखी चौघी झोपलेल्या. वरून ॲव्हलांच आलं आणि तंबू बर्फाखाली गाडला गेला. बाकीच्या जणी अंगावर, वरून बर्फ, हलता येत नाही, श्वास येत नाही, ताबेई बेशुद्ध पडल्या, सुमारे सहा मिनिटं. शेर्पांनी खणून त्यांना बाहेर ओढलं. (काका, तुमचा मुद्दा इथे सगळ्यात जास्त खरा आहे, शेर्पा नसते तर पुढची गोष्टच नव्हती.) जीव कुणाचा गेला नाही, पण अंग असं ठेचलं होतं की दोन दिवस त्यांना धड चालता येईना. आणि सगळ्याजणी जिवंत आहेत हे कळल्यावर परत फिरायचा विचार त्यांच्या मनात नव्हता.

मग आली ऑक्सिजनची अडचण. ठरलं होतं दोघींनी समिटला जायचं, पण वरच्या उंचीवर काही शेर्पा आजारी पडले, पुरेसे सिलेंडर वर पोचवता आले नाहीत, त्यामुळे एकीलाच जाता येणार होतं. टीमच्या लीडर एइको हिसानो, त्यांनी चर्चेनंतर ताबेईंचं नाव पुढे केलं. मला इथे नेहमी त्या दुसऱ्या बाईची आठवण येते जी जाऊ शकली असती. चार वर्षं तीही शिवत होती, तीही पैसे साठवत होती. तिला थांबावं लागलं.

आणि शेवटच्या टप्प्यावर, शिखर जवळ आलेलं, समोर आली एक धार. आपल्याकडे ट्रेकर लोक धार म्हणतात ती अलंग-मदनला असते, पण ही बर्फाची, सुरीच्या पात्यासारखी, एका बाजूला हजारो मीटर खाली तिबेट आणि दुसऱ्या बाजूला हजारो मीटर खाली नेपाळ. उभं राहायला जागा नाही. त्यांनी काय केलं तर छातीपर्यंतचा भाग तिबेटच्या बाजूला आणि कमरेखालचा नेपाळच्या बाजूला असं धारेवर पालथं पडून, बुटाने बर्फात खाचा मारत, आडव्या सरकत गेल्या. पुढे त्यांनी सांगितलंय की त्यांना तिथे रागच आला होता, कारण आधीच्या मोहिमांची वर्णनं त्यांनी वाचली होती आणि असं काही वाटेत आहे हे एकानेही लिहिलं नव्हतं. दुपारी साडेबाराच्या सुमाराला वर पोचल्या. तेव्हा आनंदापेक्षाही सुटल्यासारखं वाटलं, की चला, आता याच्यावर आणखी चढायचं नाही.

त्या धारेवरून त्यांच्या वतीने कुणीही सरकलं नाही काका. आंग त्सेरिंग सोबत होता, दोर होता, पण सरकायचं ज्याचं त्यालाच होतं. मदत घेतली म्हणून काम दुसऱ्याचं होत नाही, तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही इतक्या मुलांना शिकवलंत, पेपर त्यांनीच लिहिला ना?

आणि तुम्हाला ऐकून बरं वाटेल की स्वतः ताबेईंना 'पहिली महिला' हे बिरुद फारसं आवडायचं नाही. मी पहिली बाई व्हायला गेले नव्हते, मला डोंगर चढायचा होता, मला एव्हरेस्ट चढलेली छत्तिसावी व्यक्ती म्हणा, असं त्यांचं म्हणणं. मी मात्र 'पहिली' म्हणत राहणार, कारण ताबेईंना विसरता आलं तरी ज्यांनी दोर धरायला नकार दिला होता त्यांना मला विसरायचं नाहीये.

ताई, मी 22 वर्षांची आहे, बी.कॉम. झालं. मला उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायचाय. घरात विषय काढला की बाबा म्हणतात आधी लग्न, मग नवऱ्याने परवानगी दिली तर काय करायचं ते कर. आई गप्प बसते. मी काय करू? पळून जाऊ का असंही मनात येतं. (कोल्हापूर)

पळून जाऊ नकोस. घर सुटायची भीती घालत नाहीये, कोर्सचं सांगतेय, तिथे मन शांत लागतं. बर्फात रोज दहा-पंधरा किलोची सॅक घेऊन चालायचं, रात्री तंबूत थंडीने झोप नाही, आणि डोक्यात घरचं भांडण, अशाने चुका होतात.

आधी माहिती घे आणि ती कागदावर लिहून बाबांसमोर ठेव. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग 1965 पासून आहे, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट 1954 पासून. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, त्यात ए ग्रेड मिळाली तरच पुढचा ॲडव्हान्स कोर्स करता येतो. सरकारी संस्था आहेत, डॉक्टर असतात, इन्स्ट्रक्टर असतात, मुली असतात. आपल्या घरच्यांना बऱ्याचदा 'एव्हरेस्ट' एवढंच ऐकू येतं आणि डोळ्यासमोर मरणाच्या बातम्या येतात, त्यांना हे माहीतच नसतं की महिनाभराची शाळा असते ही, वेळापत्रकवाली. तारखा आणि फी दर वर्षी बदलतात, त्या संस्थेच्याच वेबसाईटवर बघ, जागा लवकर भरतात म्हणून खूप आधी अर्ज कर.

फीचे पैसे शक्य असेल तर स्वतःचे उभे कर. बी.कॉम. आहेस, शिकवण्या घे, कुणाचे हिशोब लिही. ताबेईंनी पियानो शिकवला, तू अकाउंट्स शिकव. स्वतःच्या कमाईचे पैसे टेबलावर ठेवून बोललं की बोलणं बदलतं, हे मी माझ्या घरात अनुभवलंय.

बाबांना मुली दाखवायच्या असतील तर आपल्याच भागातल्या आहेत. साताऱ्याची प्रियांका मोहिते 2013 ला एव्हरेस्टवर गेली, मग ल्होत्से, मकालू, 2021 ला अन्नपूर्णा, 2022 ला कांचनजंगा, आठ हजार मीटरवरची पाच शिखरं करणारी पहिली भारतीय महिला ती. पुण्याची कृष्णा पाटील 2009 ला एव्हरेस्टवर गेली तेव्हा 19 वर्षांची होती. सातारा म्हणजे कोल्हापूरपासून दोन-अडीच तास, काही परकं नाही.

आणि आईचं. ती गप्प बसते असं तू लिहिलंयस. गप्प म्हणजे नाही असं नव्हे गं. तिला एकटीला गाठ, स्वयंपाक चालू असताना वगैरे, आणि तुला काय करायचंय ते तिला सगळं सांग, आणि सरळ मदत माग, की आई तू माझ्या बाजूने बोलशील का. तू आत्तापर्यंत तिच्याकडे मागितलीच नसशील असं तुझ्या पत्रावरून मला वाटतंय. लग्नाच्या अटीचं मात्र मी स्पष्ट सांगते, मला ती पटत नाही, अजून भेटलेल्याही नसलेल्या माणसाच्या परवानगीवर आत्ताचं वर्ष टांगून ठेवू नये. बाबांना हे माझं म्हणणं वाचून दाखवलंस तरी चालेल.

एव्हरेस्टनंतर त्यांनी काय केलं? की तेवढंच? (फोंडा, गोवा)

छे, तेवढंच कसं! किलिमांजारो 1980, अकोन्काग्वा 1987, डेनाली 1988, अंटार्क्टिकातलं विन्सन 1991, आणि 1992 पर्यंत सातही खंडांची सर्वोच्च शिखरं पूर्ण, हे करणाऱ्याही त्या जगातल्या पहिल्या महिला. गाजल्यानंतर कंपन्या मागे लागल्या असत्या, पण त्यांनी एव्हरेस्टनंतर कंपन्यांची स्पॉन्सरशिप घेतली नाही, भाषणं करून, लोकांना डोंगरावर घेऊन जाऊन, शिकवण्या घेऊन पैसे जमवायच्या आणि जायच्या.

मला त्यांचं त्यानंतरचं काम जास्त जवळचं वाटतं. साठीला आल्यावर क्यूशू विद्यापीठात पुन्हा विद्यार्थिनी म्हणून गेल्या आणि अभ्यास कशाचा केला तर एव्हरेस्टवर गिर्यारोहक जो कचरा टाकून येतात त्याचा. आपणही राजगड-तोरण्यावर रविवारी संध्याकाळी बघतोच की काय अवस्था असते. मग 2011 ला जपानच्या ईशान्येला भूकंप आणि त्सुनामी, त्यात त्यांचा फुकुशिमा प्रांत. तर 2012 पासून त्या भागातल्या शाळकरी मुलांना दर वर्षी फुजीवर न्यायला लागल्या. त्याच वर्षी त्यांना कॅन्सर निघाला होता, तरी उपचार घेत घेत जात राहिल्या, 2016 च्या जुलैमधेही मुलांबरोबर फुजीला होत्या आणि त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला गेल्या, 77 व्या वर्षी. प्लूटोवरच्या एका पर्वतरांगेला आता ताबेईंचं नाव आहे.

मी पाचवीत आहे. आईने तुमचं सदर वाचून दाखवलं. मी खूप हळू चालते म्हणून मामाची मुलं मला ट्रेकला नेत नाहीत. ते म्हणतात तू सगळ्यांना उशीर करतेस. जुंको आजी लहानपणी फास्ट होत्या का? (संगमनेर)

नाही बाळा, अजिबात नाही. त्या लहानपणी सारख्या आजारी पडायच्या आणि खेळात कुणी त्यांना पहिलं घ्यायचं नाही. मी वर लिहिलंय ना, की त्या दहा वर्षांच्या असताना त्यांचे सर वर्गाला डोंगरावर घेऊन गेले होते, म्हणजे तुझ्याएवढ्याच होत्या. तिथे त्यांना काय आवडलं माहितीये का? शाळेत धावायची शर्यत असली की हळू धावणारा हरतो. डोंगरावर तसं नव्हतं. तिथे कुणाला हरवायचं नव्हतं, हळू हळू गेलं तरी वर पोचता येत होतं, आणि पोचल्यावर सगळ्यांना तेच दिसत होतं.

तू संगमनेरची, म्हणजे कळसूबाई तुझ्यापासून काही फार लांब नाही. आईला सांग, पावसाळा संपला की बारी गावातून जाऊया म्हणून. उन्हाच्या आधी, अगदी अंधारात निघायचं, म्हणजे हळू चाललं तरी ऊन लागत नाही. वाटेत लोखंडी शिड्या लागतात, तिथे घाई करायची नाही, दोन्ही हातांनी धरायचं, एक पाय नीट टेकला की मगच दुसरा उचलायचा. दर थोड्या वेळाने पाणी प्यायचं, तहान नसली तरी. खिशात गूळ-शेंगदाणे ठेव. वर कळसूबाईचं छोटंसं देऊळ आहे आणि ती महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा आहे, 1646 मीटर.

मामाच्या मुलांनाही बोलाव. आणि त्यांना सांग की ट्रेकला खरा नियम असा असतो की सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून चालायचं. जाऊन आलीस की मला पत्र लिही, किती वाजता निघालात आणि किती वाजता पोचलात ते.